लपणाऱ्याला ‘कॅम्पर’ म्हणायच्या आधी

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये दोन शब्द शिवीसारखे वापरले जातात. एक ‘नूब’, दुसरा ‘कॅम्पर’. नूबला निदान माफी असते, कारण आज ना उद्या तो शिकेल. कॅम्परला माफी नाही. गवतात पालथं पडून राहायचं, समोरचा धावतपळत आला की मागून टिपायचं, हे काय खेळणं झालं? ‘दम असंल तर समोर ये की!’ ही ठरलेली आरोळी. आता गंमत बघा. हीच मंडळी १९ फेब्रुवारीला स्टेटस ठेवतात, तेव्हा त्यात गनिमी काव्याचं तोंड भरून कौतुक असतं. महाराज समोरासमोर भिडत बसले नाहीत, डोकं वापरून लढले, म्हणून छाती फुगते. आणि संध्याकाळी मोबाइल हातात घेतला की लपणारा पुन्हा भेकड ठरतो.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. बीजीएमआयसारख्या ऑनलाइन खेळात समोर माणूस असतो. तुम्ही अख्खी मॅच एका बाथरूममध्ये दडून बसलात तर त्याची चिडचिड समजू शकते, तुमच्या स्क्वॉडचीही. तो वाद स्क्वॉडनं आपापसात मिटवावा. आजचा प्रश्न ओपन-वर्ल्ड आरपीजीचा आहे. म्हणजे ‘स्कायरिम’, ‘सायबरपंक २०७७’, ‘किंगडम कम’, अलीकडचे ‘असॅसिन्स क्रीड’ असे खेळ. तिथं एक भलंमोठं जग तुमच्यापुढे मोकळं सोडलेलं असतं आणि त्यात आपण कोण व्हायचं ते आपणच ठरवायचं असतं. ढाल-तलवार घेऊन भिडणारा, जादू करणारी, गोड बोलून काम काढणारा, की अंधारातून येऊन अंधारात जाणारी. समोर कम्प्युटर असतो, त्याला राग येत नाही. मग इथं लपून खेळणं, ज्याला गेमर मंडळी स्टेल्थ म्हणतात, ते करण्याजोगं आहे का?

प्रश्न किरकोळ वाटेल, पण आपल्याकडे तो किरकोळ नाही. मोठा गेम सेल लागेपर्यंत थांबून घ्यायचा, तोही कुणाच्या तरी लॅपटॉपवर, परीक्षा संपल्यावर, घरचे ‘पुढं काय ठरवलंस?’ विचारायच्या आत. असा एक खेळ पुरा करायला पन्नास-साठ तास सहज जातात. म्हणजे वर्षाला असा एखाद-दुसराच खेळ वाट्याला येतो. सुरुवातीच्या दोन तासांत निवडलेली पद्धत पंधराव्या तासाला कंटाळवाणी निघाली तर सुट्टी गेली. म्हणून स्पष्टच सांगतो: स्टेल्थ खेळण्याजोगी आहे, किंबहुना या खेळांत तीच सगळ्यात चांगली गोष्ट होऊ शकते. पण बहुतेक गेम जी स्टेल्थ हातात देतात ती नकली आहे, आणि नकली ओळखायची कसोटी आपल्याच जिल्ह्यात, परंड्याच्या तटबंदीत आहे.

आधी नकलीचा नमुना. ‘स्कायरिम’ २०११ साली आला. पंधरा वर्षं होत आली तरी लोक तो खेळतायत, जुन्या लॅपटॉपवरही तो कसाबसा चालतो. या खेळाबद्दल जगभर एक विनोद आहे. तुम्ही ठरवा की यावेळी आपण जादूगार होणार, किंवा दोन हातांची कुऱ्हाड घेऊन फिरणारा रानदांडगा होणार. वीस तासांनी बघा, तुम्ही गुहेच्या कोपऱ्यात वाकून बसलेले असता आणि हातात धनुष्य असतं. प्रत्येक जण शेवटी ‘स्टेल्थ आर्चर’च होतो. का? कारण हिशेब तसाच मांडलाय. लपून सोडलेल्या बाणाचा डॅमेज दुप्पट, पुढचा पर्क घेतला की तिप्पट. खंजीर असेल आणि योग्य पर्क घेतला असेल तर थेट पंधरा पट. समोरून भिडणाऱ्याला असली सवलत कुठेच नाही. वर पहारेकरी असे की शेजारचा साथीदार बाण लागून पडला तर हे थोडा वेळ इकडेतिकडे बघतात आणि ‘वारा असेल’ म्हणून पुन्हा जागेवर येतात. एकाच्या तर स्वतःच्या अंगात बाण रुतलेला असतो आणि तो सांगतोय की काही नव्हतं.

पहिल्यांदा हे भारी वाटतं. पाचव्या गुहेत सवय होते. पंधराव्या गुहेत लक्षात येतं, की आपण लपत नाही आहोत, आपण फक्त वाकून चालतोय. भीती नाही, घाई नाही, चुकायची सोय नाही. चुकलोच तर क्विकसेव्ह आहे, एक बटण दाबलं की दहा सेकंदांपूर्वीचं आयुष्य परत. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, तोपर्यंत तुमचं पात्र इतकं ताकदवान झालेलं असतं की ते दारातून सरळ चालत गेलं असतं तरी आतल्या सगळ्यांना झोपवलं असतं. ज्याच्यापासून आपल्याला काही धोकाच नाही त्याच्यापासून लपणं, याला काय म्हणायचं? लहान भावाशी लपाछपी म्हणा हवं तर.

आता परंड्याला चला. तालुक्याचं गाव, बार्शीपासून जवळ. किल्ला भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवर बांधलेला. डोंगर नाही, कडा नाही, झाडीचा आडोसा नाही. दुहेरी तट, भोवती खंदक, आणि आत जाताना एकामागून एक दरवाजे. दरवाज्यांमधली वाट सरळ जात नाही, वळते. वळणावर तुम्ही उभे राहता तेव्हा वरचा माणूस तुम्हाला बघत असतो आणि तुम्हाला तो दिसत नसतो. शाळेच्या सहलीत बघितला असेल तर पुन्हा एकदा जा आणि यावेळी गेमरच्या नजरेनं बघा. रात्र आहे, तुम्ही दहा जण आहात, आत शिरायचंय. कुठून शिराल?

मी सांगतो, जागा सापडत नाही. गेममधल्या चौकीला मात्र ती कायम असते. कुठं तट पडलेला, कुठं तटाला लागून गवताचा भारा, कुठं शिडी विसरलेली, कुठं गटाराची जाळी सैल. कारण ती चौकी बांधणाऱ्याला तुम्ही आत यावंत असंच वाटत असतं. तो कंपनीत पगार घेतो त्यासाठी. परंडा बांधणाऱ्याला तुम्ही अजिबात नको होतात. हा फरक एकदा डोळ्यांनी बघितला की पुढच्या वेळी गेममध्ये तटाला लागून गवताचा भारा दिसला तर हसू येईल.

मग परंडा कधी पडलाच नाही का? पडला की. १६३४ मध्ये शहाजहानचा मुलगा शाहजादा शुजा आणि महाबतखान मोठी फौज घेऊन परंड्याला वेढा घालून बसले. तोफा, सुरुंग, माणसं, सगळं होतं. किल्ला हाती लागला नाही, वेढा उठवून परत जावं लागलं. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, १६६० मध्ये, तोच परंडा मुघलांना मिळाला, तो विजापूरकरांच्या किल्लेदाराला पैसे देऊन फितवल्यामुळे. आरपीजीच्या भाषेत सांगायचं तर ताकदीचा बिल्ड तिथं हरला, लपून जायला वाट नव्हती, आणि ‘स्पीच’ स्किलवाल्यानं काम केलं. ज्या शाएस्ताखानाच्या सुभेदारीत हा सौदा झाला, त्याच शाएस्ताखानाची गोष्ट पुढं पुण्यात काय झाली ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच्याकडे येऊच.

परंड्याशी आणखी एक नाव जोडलेलं आहे, मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा आधार झाला. १६०० मध्ये अहमदनगर मुघलांनी घेतलं, तेव्हा त्यानं मुर्तजा निजामशहा दुसरा याला गादीवर बसवलं आणि राजधानी केली ती परंड्याला. म्हणजे काही काळ आपलं परंडा एका राज्याची राजधानी होतं, तेही हरत आलेल्या राज्याची. अंबरकडे मुघलांइतके सैनिक नव्हते, इतका पैसा नव्हता. मग त्यानं काय केलं? हलकी, चपळ घोडदळाची पथकं वापरली. मोठ्या सैन्याशी मैदानात भिडायचं टाळलं, रसद तोडली, तळावर रात्री छापे घातले. १६२४ मध्ये अहिल्यानगरजवळच्या भातवडीत तर त्यानं तलावाचा बांधच फोडला. शत्रूचा तळ चिखलात रुतला. त्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूनं होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच कामी आले. पुढं ज्याला आपण गनिमी कावा म्हणतो त्याची एक शाळा ही अशी आपल्या भागात भरली होती.

गनीम म्हणजे शत्रू. मुघल मराठ्यांना गनीम म्हणायचे. ज्या शब्दानं समोरच्यानं आपल्याला हिणवलं तोच आपण अभिमानानं लावतो, हे एक. आणि दुसरं, आजच्या विषयाला जास्त लागू असलेलं: हा कावा दुबळ्याचा आहे. अंबर लपून लढला कारण समोरून लढणं त्याला परवडत नव्हतं. दिसलो तर मेलो, हे ज्याला खरोखर लागू आहे त्याच्याच लपण्याला अर्थ असतो.

आता आरपीजी काय करतात ते बघा. या खेळांचा सगळा डोलाराच तुम्हाला दर तासाला थोडं अधिक बलवान करण्यावर उभा आहे. लेव्हल वाढते, चिलखत सुधारतं, जखम आपोआप भरते. पहिल्या पाच तासांत दोन लांडगे तुम्हाला फाडू शकतात. चाळिसाव्या तासाला ड्रॅगन तुमच्याकडे बघून वाट बदलेल अशी परिस्थिती. म्हणजे स्टेल्थला सगळ्यात जास्त अर्थ असतो तो सुरुवातीला, जेव्हा तुमचं स्टेल्थ स्किल शून्य असतं आणि तुम्ही पाऊल टाकलं की बरणी पडते. आणि स्टेल्थ स्किल शंभर होतं तोवर तिची गरज संपलेली असते. हा तिढा फार थोड्या गेमनी सोडवलाय. सोडवलाय त्यांचीच स्टेल्थ खेळावी, असं माझं मत.

‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ त्यातला एक. पहिला २०१८चा, दुसरा २०२५चा. नायक हेन्री, लोहाराचा पोरगा. त्याला सुरुवातीला तलवार धड धरता येत नाही. दोघांनी एकदम घेरलं तर पळून जाणं हाच शहाणपणा, आणि हे बऱ्याच पुढपर्यंत खरं राहतं. इथं लपायचं तर कपड्यांचा विचार करावा लागतो: चिलखत वाजतं, भडक रंग लांबून दिसतो. पण अंगात गडद कपडे घालून रात्री गावातून मशालीशिवाय फिरलात तर तेच संशयास्पद, पहारेकरी अडवतो. चोरीच्या आधी त्या घराभोवती घुटमळताना कुणी बघितलं असेल तर दुसऱ्या दिवशी बोट तुमच्याकडे. आणि सेव्ह हवं तेव्हा फुकट मिळत नाही. एक विशिष्ट दारू प्यावी लागते, नाहीतर आपल्या हक्काच्या पलंगावर जाऊन झोपावं लागतं. त्यामुळे एका गिरणीवाल्याच्या पेटीतून चार नाणी उचलतानासुद्धा घाम फुटतो. ड्रॅगन मारताना कधी फुटला होता?

‘असॅसिन्स क्रीड’चा प्रवास उलटसुलट आहे, आणि तो बघण्यासारखा आहे. २००७ मधल्या पहिल्या खेळापासून मनगटातलं छुपं पातं हीच त्याची ओळख होती. एक वार, माणूस खलास. मग २०१७ मध्ये ‘ओरिजिन्स’पासून ही मालिका आरपीजी झाली आणि प्रत्येकाला लेव्हल चिकटली. आता तुम्ही अर्धा तास छपरांवरून सरपटत सरदाराच्या मागे पोचायचं, गळ्यात पातं खुपसायचं, आणि त्याची लेव्हल तुमच्यापेक्षा जास्त म्हणून तो मान चोळत वळून बघणार! सगळी मेहनत पाण्यात. लोक इतके वैतागले की पुढं ‘व्हॅलहाला’मध्ये सेटिंगमध्येच पर्याय दिला: वार बसला की माणूस मेलाच पाहिजे, हवं असेल तर हे चालू करा. तो पर्याय द्यावा लागला, यातच आरपीजी आणि स्टेल्थ यांचं भांडण दिसतं. २०२५ चा ‘शॅडोज’ हे भांडण दोन पात्रांत वाटून मिटवतो. नाओए ही शिनोबी मुलगी. ती दिवे विझवते, जमिनीवर सपाट झोपून सरकते, आणि उघड्यावर चार जणांनी गाठलं तर तिची खैर नाही. यासुके हा सामुराई. तो दारातून जातो, दारासकट. तिला निवडलं की तुम्ही दुबळे असण्याचंही निवडता. शिवाय लक्ष्य कुठं आहे याचा नकाशावर थेट बाण नको असेल तर तो बंद करता येतो. मग हेर पाठवायचे आणि शोध घ्यायचा. आपल्या बहिर्जी नाईकांचं खातं म्हणा ना.

हे हेरांचं प्रकरण महत्त्वाचं आहे, कारण खरी स्टेल्थ वार करण्याच्या बरीच आधी सुरू होते. एप्रिल १६६३ मधला लाल महालावरचा छापा घ्या. आपल्याला आठवते ती खानाची तुटलेली बोटं. पण त्या रात्रीचं अवघड काम ते नव्हतं. पुण्यात मुघल फौजेचा तळ पडलेला, महिना रमजानचा, आणि मोजक्या लोकांनी त्या तळातून वाट काढत वाड्यापर्यंत पोचायचं. शिवाजी महाराजांना तो वाडा आतून माहीत होता, त्यांचं बालपण तिथंच गेलेलं. कुठली खोली कुठं, स्वयंपाकघर कुठं, भिंत कुठं फोडली तर आत निघतो, हे ठाऊक होतं. ही झाली माहिती. मग आतला काही क्षणांचा गोंधळ. आणि त्यानंतर, हा भाग गेममध्ये जवळजवळ कधीच नसतो, सगळा तळ जागा झालेला असताना तिथून बाहेर पडणं. खान वाचला, त्याचा मुलगा मारला गेला. लढाई म्हणून मोजलं तर मुघल फौजेचं फारसं काही बिघडलं नाही. पण औरंगजेबानं खानाची बदली बंगालला केली. चार तासांच्या कामानं जे झालं ते मैदानात करायला किती माणसं लागली असती?

बहुतेक गेममध्ये यातला मधला तुकडाच आपल्याला मिळतो. माहिती नकाशावर आयती ठिपक्यांनी येते, शत्रू भिंतीआडूनसुद्धा लाल रंगात चमकतात, आणि काम झालं की ‘फास्ट ट्रॅव्हल’चं बटण. जाणं नाही, येणं नाही, फक्त गळा कापणं. म्हणून ते कंटाळवाणं होतं. गळा कापणं हा त्यातला सगळ्यात कमी डोकं लागणारा भाग आहे.

आणखी एक गोष्ट गेमर मंडळींनी इतिहासाकडून घ्यावी, ती म्हणजे दिसून गेल्यावर काय करायचं. स्टेल्थ खेळणाऱ्यांमध्ये एक सोवळेपणा असतो. एका पहारेकऱ्यानं बघितलं की संपलं, रीलोड. पुन्हा बघितलं, पुन्हा रीलोड. एकाच चौकीवर दीड तास. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे सिंहगडाचा कडा चढून वर गेले ते लपूनच. कडा असा की तिथून कुणी येईल हे वरच्यांच्या हिशेबात नव्हतं. पण वर गेल्यावर सुगावा लागला आणि उघडी लढाई पेटली. तानाजी पडले, किल्लेदार उदेभानही पडला, गड मात्र आला. तीन वर्षांनी कोंडाजी फर्जंदांनी साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला, तिथंही चढाई गुपचूप आणि वर पोचल्यावर मुद्दाम कर्णे वाजवून कल्लोळ, म्हणजे आतल्यांना वाटावं की आलेत ते हजार आहेत. लपणं हा त्यांच्यासाठी कामाचा पहिला टप्पा होता. तो मोडला की दुसरा सुरू. गेममध्येसुद्धा खरी मजा इथंच आहे. दिसलात? पळा. छपरावर चढा, घोडा गाठा, अडवणाऱ्या एकाला लोळवा, बाकीच्यांना चकवा. ‘रीलोड’ दाबणाऱ्याला ही मजा कधीच कळत नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. स्टेल्थला वेळ लागतो. ज्या चौकीत तलवारवाला चार मिनिटांत काम उरकतो तिथं लपणाऱ्याचा अर्धा तास जातो, त्यातली वीस मिनिटं झुडपात बसून पहारेकऱ्याची फेरी मोजण्यात. हॉस्टेलवर एका लॅपटॉपवर तिघं खेळत असतील तर मागचे दोघं झोपतील. काही खेळांना ती शोभतच नाही. ‘द विचर ३’मध्ये गेराल्टला लपून खेळायची सोय जवळपास नाहीच, आणि त्यामुळे त्या खेळाचं काही बिघडलेलं नाही, त्याची गोष्ट आणि त्यातली माणसं हाच त्याचा जीव आहे. ‘एल्डन रिंग’मध्ये वाकून चालता येतं, मागून वार करता येतो, पण मोठ्या राक्षसापुढे शेवटी समोर उभं राहावंच लागतं. तिथं स्टेल्थचा हट्ट धरणं म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात बुद्धिबळाचा पट मांडणं. ‘सायबरपंक’ या दोन्हींच्या मधला. तिथं इमारतीत पाऊल न टाकता बाहेर बसून कॅमेऱ्यांमधून एकेकाला झोपवता येतं. पहिल्या वेळी वेड लागतं, नंतर मात्र तो कारकुनी कामाच्या जवळ जातो.

आणि ज्यांना भिडायलाच आवडतं त्यांनी भिडावं. त्यात कमीपणा काही नाही. दिवसभर प्रॅक्टिकल आणि टायपिंगचा क्लास करून आलेल्या पोराला रात्री अर्धा तास कुऱ्हाड फिरवाविशी वाटली तर त्याला झुडपात बसवायचा अधिकार कुणाला? माझी तक्रार फक्त एवढी, की त्यानं झुडपातल्याला भेकड म्हणू नये.

या भेकडपणाच्या आरोपावर एक अख्खा खेळ उभा आहे, ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’. काळ १२७४, मंगोलांनी त्सुशिमा बेटावर स्वारी केलीय. बेटावरचे सामुराई नियमानं, मानानं, समोरून लढायला समुद्रकिनाऱ्यावर जातात आणि कापले जातात. वाचलेला जिन पुढं रात्रीचे छापे घालतो, मागून वार करतो, आणि त्याचा काका शिमुरा त्याला सारखं ऐकवतो की यात मान नाही. तिथल्या प्रेक्षकाला हे धर्मसंकट वाटत असेल. मराठी माणसानं हा खेळ खेळताना मात्र काकाचं म्हणणं समजूनच घ्यायला वेळ लागतो. घरदार जळतंय आणि हा मानाचं काय घेऊन बसलाय? आपल्याकडे तो वाद साडेतीनशे वर्षांपूर्वीच मिटलेला आहे. फक्त कॅन्टीनपर्यंत बातमी पोचलेली नाही.

मग यंदाच्या सुट्टीत ‘स्कायरिम’च हाताशी असेल तर? तोही नीट खेळता येतो, फक्त खेळ जी शिस्त लावत नाही ती आपली आपण लावायची. धनुष्य ठेवून द्या. डिफिकल्टी वाढवा, म्हणजे दिसणं महाग पडेल. क्विकसेव्हला हात लावू नका. पलंग दिसला तरच सेव्ह. (लाइट जायचा भरवसा नाही, तेवढी सूट घ्या. इन्व्हर्टर नसलेल्याला कसला आलाय नियम.) चोरी झाली की फास्ट ट्रॅव्हल न करता गावाबाहेर चालत जा. गुहेत शिरायच्या आधी बाहेर थांबून बघा, दुसरी वाट आहे का. दोन तासांत कळेल की हा वेगळाच खेळ आहे, आणि ते पंधरा पट डॅमेजचं आकर्षण आपोआप उतरेल.

एक खंत मात्र राहते. आपल्याकडे गेम बनायला लागलेत. पुण्याच्या स्टुडिओतून ‘राजी’ आला, ‘इंडस’ आला. पण गनिमी काव्याचा, दुबळं ठेवणारा, नीट विचार केलेला स्टेल्थ आरपीजी मी तरी अजून खेळलेलो नाही. आणि त्याच्या लेव्हलसाठी कुणाला कल्पना लढवायचीही गरज नाही. नळदुर्ग घ्या. बोरी नदी किल्ल्यातून वाहते, तिच्यावर धरणासारखा बांध, आणि त्या बांधाच्या पोटात इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला पाणी महाल. वर नर-मादी धबधबे. बांध ओलांडला की पलीकडे रणमंडळ. आणि मध्ये उपळी बुरूज, इतका उंच की वरचा एक माणूस अख्ख्या किल्ल्यावर नजर ठेवू शकतो. उन्हाळ्यात यायचं म्हटलं तर नदी उतरलेली, चालायला सोपं, पण आवाज नाही. बुरुजावरच्याला दगड घरंगळलेला ऐकू जाणार. पावसाळ्यात आलात तर धबधब्याच्या गर्जनेत घोडा दौडवला तरी कळणार नाही, पण पाणी महालाच्या पायऱ्या शेवाळलेल्या आणि परतीची वाट पाण्याखाली. कुठला महिना निवडाल?